चार घरांचा एक फोन

पेपरातली ती जाहिरात मी कापून पोळपाटाखाली ठेवली होती. घरबसल्या कॉम्प्युटरवर टायपिंग. काम इंटरनेटवरून येणार, इंटरनेटवरूनच परत पाठवायचं. ऑफिस पुण्याचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या देवळाली प्रवऱ्यात इंटरनेट म्हणजे काय ते बहुतेकांनी नुसतं ऐकलं होतं.

"फसवतील," हे म्हणाले. साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाचा उसाखेरीज कशावरच विश्वास नसतो. पण श्रीरामपूरच्या बंद पडलेल्या क्लासमधला जुना कॉम्प्युटर यांनीच आणला, टेम्पोत मॉनिटर मांडीवर धरून.

मला ते काम हवं होतं. लग्नाआधी मी टायपिंगची परीक्षा पास झाले होते, मिनिटाला चाळीस शब्दांची. नंतरच्या सात वर्षांत त्या बोटांनी लसूण सोलला. आता चाचणीची वीस पानं आली होती. शनिवारी पाचच्या आत टाईप करून पोचली तर काम पक्कं, नाहीतर नाव कट.

पानं तयार होती. शनिवारी दुपारी लाईट गेले ते साडेतीनला आले. मी लगेच इंटरनेट लावलं. मोडेमनं घसा खाकरला, किंचाळला आणि चारच्या सुमारास एकदाचा जोडला गेला. खरखरत्या लाईनवरून फाईल निघाली, एवढ्यात दारात समोरच्या काकू आणि मागे त्यांची मुलगी.

गल्लीत फोन फक्त आमच्याकडे. चार घरं पाहुण्यांना आमचाच नंबर 'पीपी' म्हणून देत. फोन आला की आम्ही हाक मारायची. आणि इंटरनेट चालू असलं की बाहेरून फोन लागायचाच नाही.

"जामखेडच्या पाव्हण्यांचा फोन यायचाय," काकू कॉटवर बसत म्हणाल्या. "पोरगी पसंत हाय का न्हाई, ते चार ते पाचात कळवतो म्हनलेत."

गप्प बसायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू! पण तोंड फार वेळ मिटून ठेवणं मला कधी जमलेलं नाही.

"काकू, फोन लागणार नाही. माझं काम चाललंय त्याच्यावर."

"मग काढ की ती वायर!"

"काढली तर सगळं पहिल्यापासून. मग पाचच्या आत जायचं नाही."

"अगं, हितं पोरीच्या जन्माचा सवाल हाय!"

"आणि माझ्या जन्माचा नाही का?" मी ओरडले, आणि मलाच हसू फुटलं. वीस पानांसाठी जन्म! काकूंना काही हसू आलं नाही. त्यांचा हात वायरकडे गेला.

"आई, ऱ्हाऊ दे," मुलगी म्हणाली. इतका वेळ ती ओढणीचं टोक पिळत उभी होती. "एकदा फोन लागला न्हाई म्हनून जे नकार देतील, त्यांच्या घरी मी नांदायला जानार न्हाई."

काकूंचा हात हवेतच राहिला. त्या पोरीवरून जीव ओवाळून टाकावा असं मला वाटलं.

मग आम्ही तिघी पडद्यावरच्या निळ्या पट्टीसमोर बसलो. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

"किती ऱ्हायलं?"

"अर्धं."

"कागद काय बैलगाडीनं चाललेत का?" काकू म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं त्याच पुटपुटायला लागल्या, "चल गं बाई, चल."

पाचला दहा कमी असताना फाईल गेली. मी वायर उपटली. दोनच मिनिटांत फोन वाजला आणि काकूंनी झडप घातली. लगेच त्यांचा चेहरा पडला. "तुजा हाय. पुन्याचा."

"मॅडम, पानं मिळाली. काम छान आहे. सोमवारपासून रोज वीस पाठवतो."

मी पाच वेळा थँक्यू म्हणाले आणि काकूंना कवटाळून गरागरा फिरवलं.

"अगं मेले, फोन ठेव आधी!" त्या ओरडल्या. रिसीव्हर माझ्या हातातच होता.

ठेवला, आणि लगेच जामखेडचा आला. "तासभर लावतोय," मुलाचे वडील इतक्या जोरात म्हणाले की आम्हालाही ऐकू आलं. काकू नुसतं "व्हय, व्हय" करत होत्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. होकार होता.

"मुलाला द्यायला सांग," मुलगी म्हणाली आणि तिनं रिसीव्हर घेतला. कान लालेलाल, पण आवाज खणखणीत.

"तुमच्याकडं फोन हाय का?... पीपी? मग घरात घ्या. मी ह्या वहिनीकडून कॉम्प्युटरचं काम शिकून येनार हाय, त्याला फोन लागतो."

काकूंनी कपाळावर हात मारला. मी श्वास रोखून धरला, मघाशी फाईलसाठीही धरला नव्हता इतका.

"सोमवारी फोनचा अर्ज टाकतो," तो म्हणाला. तिघींनाही स्वच्छ ऐकू आलं.