डोळ्यामागून शेपटीपर्यंत

"शिंग धरू नका साहेब, शिंगाचं काई खरं न्हाई." झिंगा ओल्या फडक्यावर सरळ करत मामू हे दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे. झिंग्याच्या डोक्यावरचं टोकदार शिंग जाळ्यात मोडतं, म्हणून माप डोळ्यामागून शेपटीपर्यंत घ्यायचं. मग काट्यावर वजन. लांबीच्या मानानं वजन कमी भरलं की मामूंचा निकाल ठरलेला, "लांब हाय, पण भरलं न्हाई. जाळं बंदच ठेवा."

नांदेडजवळच्या त्या तलावावर मामू रोजंदारीवर माप घ्यायचे आणि मी, मत्स्य खात्याचा कारकून, आकडे लिहायचो. त्या आकड्यांवरच जाळी कधी टाकायची ते ठरायचं. भूकंपात त्यांचं औशाकडचं घर पडलं, बायको गेली, दोन्ही पोरी गेल्या. "घर भुईसपाट झालं, पण हे मापातलं अर्धं बोट सोडत नाहीत," असं आमचे साहेब त्यांच्या तोंडावर म्हणत. सगळे हसत. मीही हसायचो.

दिवसभर हात ओले, म्हणून मामू सकाळीच कोऱ्या तक्त्यांवर अंगठे उठवून ठेवत. म्हणत, "लिव्हणार तुमी, मग बघायचं काय?"

त्या वर्षी मला लातूरला बदली हवी होती. तुमच्या घरात दहावी झालेलं पोर असेल, तर लातूरच्या क्लासचं वेड तुम्हाला सांगायला नको. साहेब म्हणाले, "झिंगा वाढलेला दाखवा, शिफारस मी करतो." मी शिंगासकट लांबी लिहिली. वजनही फुगवलं.

जाळी पडली. भोयांच्या हाती करंगळीएवढे झिंगे आले. वर्षाची वाढ कोवळीच उपसली गेली आणि बाजारात कुणी विचारेना. एका बाईनं नासक्या झिंग्यांची पाटी मामूंच्या डोक्यावर उपडी केली. साहेबांनी सर्वांना तक्त्यावरचा अंगठा दाखवला. मामूंना अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. त्यांनी तक्ता पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"अंगठा माझाच हाय," ते म्हणाले. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

महिन्याभरात माझी ऑर्डर आली. नांदेडच्या स्टँडवर आमची पेटी टपावर चढवायला जो हमाल आला, ते मामूच. त्यांनी शिवी घातली असती तर बरं झालं असतं. पेटी चढवून ते खाली उतरले आणि माझ्या पोराकडे बघत राहिले.

"लांब हाय, पण भरलं न्हाई," ते म्हणाले. "खाऊ घाला साहेब याला."

गाडी हलेपर्यंत मी खिडकीकडे पाठ करून बसलो.