हजारातलं एक पाकीट

जगातली कुठलीही गोष्ट पूर्ण बघायची गरज नसते, या मतावर आमच्या साडूंइतका ठाम माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. हट्टा गावात घरोघरी इंटरनेट पुरवायचा त्यांचा धंदा. तारेतून सगळा मजकूर लहान लहान पाकिटं होऊन धावतो म्हणे. ती सगळी मोजायला गेलं की यंत्राला धाप लागते. म्हणून साडू नमुन्याला हजारातलं एकच पाकीट उचलत, कुठल्या फोनचं आहे ते बघत आणि त्यावरून कोणाच्या घरी किती वापर चाललाय ते छातीठोक सांगत. "वसमतच्या मोंढ्यात हळदीचं पोतं कुणी रितं करून बघतं काय? सळी खुपसली, मूठभर काढली, झालं," असं त्यांचं म्हणणं.

ही सळी ते हळूहळू सगळीकडेच खुपसू लागले. पेपर वाचायचा तो दर तिसरी ओळ. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही तशीच वाचली. नवरदेवाचं गाव साखरा, एवढं नजरेत आलं. कार्यालय हिंगोलीत आहे, ती ओळ सुटली. महाशय मुहूर्ताला साखऱ्यात हजर, आणि वर मलाच फोन, "काहून हो, मांडव दिसंना तुमचा?" अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, हसून म्हणायची, "माझ्या दहा बोलण्यातलं एक ऐकतेत हे. बाकीचं मी भिंतीला सांगते."

ती अक्का मागच्या उन्हाळ्यात हृदयविकारानं गेली. छातीत दुखतंय असं ती आठवडाभर म्हणत होती, हे त्यांच्या पोरीला आठवतं. साडूंना आठवत नाही. "म्हणली असंल," ते एकदाच बोलले, "माझ्या नमुन्यात आलं न्हाई." मला त्यांच्याकडे बघवेना.

दिवाळीनंतर भेटायला गेलो तर साडू कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसलेले. अक्काचा फोन कपाटात, साडीच्या घडीत, बंद. आणि तरी रोज दुपारी, ती नेटवरून पोरीशी बोलायची त्याच वेळेला, उचललेल्या पाकिटांत एक तिच्या फोनचं निघत होतं. मी कपाट उघडून फोन हातात घेतला. बॅटरी कधीच संपलेली, काच थंडगार. तो माझ्या हातात असतानाच पडद्यावर त्याची ओळ उमटली. मी फोन घाईघाईनं साडीत परत ठेवला.

"यंत्राची चूक असेल," मी म्हणालो.

"असंल. पण हजारातलं एक दिसून राहिलं, म्हंजी मागं हजार असतील ना, साडूभाऊ? ती बोलून राहिली, अन् मी आताबी एकच ऐकून राहिलो."

त्या दिवसापासून त्यांनी नमुना घेणं सोडलं. आता एकूण एक पाकीट मोजतात. यंत्र तापतं, अख्ख्या गावाचं नेट रांगतं, गिऱ्हाईकं दारात येऊन शिव्या घालतात. धंदा बुडेल अशानं, हे सांगायला मी परवा दुपारी मुद्दाम गेलो. शेजारी बसलो, घसा खाकरला, बोलायला सुरुवात केली. साडूंनी पडद्यावरची नजर न काढता माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबा जरा," ते हळूच म्हणाले. "तिचं होऊ द्या."