रेइनो कांगसचं रान

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी अमेरिकेतल्या अप्पर मिशिगनमध्ये शाळांनाही सुट्टी असते. रेइनो कांगसच्या ऐंशी एकरांवर गेली बत्तीस वर्षं तेच पाच दोस्त यायचे. तिथे एक लाकडी कॅम्प होता, त्याला लागून सौना म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि जंगलात पांगलेली सहा मचाणं. दुसऱ्यांच्या रानात हरणाची शेपटी दिसत नसे, तेव्हाही रेइनोच्या रानात निदान एक-दोन तरी हरणं मिळायचीच. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लोक म्हणायचे, रान कळावं तर रेइनोला.

मात्र तीन वर्षं ते रान सांभाळत होती त्याची बायको ताइमी, आणि हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

रेइनोची नजर मधोमध गेली होती. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमका तिथेच करडा डाग. डॉक्टरांनी हात टेकले. परतताना गाडी ताइमी चालवत होती. वीस मैल गेल्यावर रेइनो एवढंच म्हणाला, "पोरांना सांगायचं नाही."

पोरं म्हणजे त्याचे दोस्त. सगळे सत्तरीला टेकलेले. ताइमीने मान डोलावली. एका हंगामाचा प्रश्न आहे, तेवढा निभावून नेऊ, असं तिला वाटलं.

तो एक हंगाम संपलाच नाही. जुलै सरता सरता ट्रॅक्टर काढायचा आणि जंगलातल्या तीन मोकळ्या तुकड्यांवर सलगम पेरायचं. कडाक्याची थंडी पडली की त्याचा पाला गोड होतो आणि हरणं त्यावर तुटून पडतात. ऑगस्टमध्ये जुन्या सफरचंदांभोवतीची झुडपं तोडायची, मचाणांच्या कुजलेल्या पायऱ्या बदलायच्या. सप्टेंबरात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो आणून बघायचे, कुठला नर कुठल्या वाटेने किती वाजता जातो ते ठरवायचं. हे सगळं ती रात्रीच्या जेवणाआधी रेइनोला सांगायची. मग रेइनो फोन उचलायचा आणि आपल्या भरदार आवाजात दोस्तांना सांगायचा, "दलदलीकडून एक येतोय. आठ टोकांची शिंगं. पहाटे सहाला. मी बघितलाय ना."

ताइमी ओट्याशी बटाटे सोलत ते ऐकायची. पहिल्या वर्षी तिला हसू यायचं. तिसऱ्या वर्षी ती नळ मोठा सोडायची.

चाळीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. निवृत्त झाल्यावर हिवाळा फ्लोरिडात, लेक वर्थला काढायचा तिचा बेत होता. तिची बहीण लेंपी तिथे राहायची, शेजारचं घर हिवाळ्यापुरतं मिळत होतं. लेंपी दर रविवारी फोनवर विचारायची, या वर्षी तरी येतेस ना? ताइमी म्हणायची, हंगाम उरकू दे. हंगाम उरकला की छपरावरचं बर्फ असायचं, बर्फ वितळलं की लाकडं. खरं कारण बहिणीलाही सांगता येत नव्हतं, कारण लेंपीचा नवरा रेइनोच्या सर्वांत जुन्या दोस्ताचा, आर्वो पेल्तोचा, चुलतभाऊ होता. एक शब्द सुटला असता तर आठवड्याच्या आत कॅम्पवर पोचला असता.

त्या तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात रेइनोने हट्ट धरला, मला मचाणावर नेऊन सोड, बंदूक हातात घेऊन बसायची सवय मोडलीय. मागची दोन वर्षं तो हंगामात मचाणावर नुसता बसून यायचा आणि सांगायचा, लहान होता म्हणून सोडला. ताइमीला त्यात वावगं वाटलं नाही. तिने त्याला शिडी चढवून वर बसवलं आणि समोरच्या पट्ट्यात वाढलेली आल्डरची झुडपं छाटायला गेली. अंगात त्याचाच जुना तपकिरी कॅनव्हासचा कोट होता.

ऐंशीएक पावलांवर ती वाकून छाटत होती. कंबर धरली म्हणून सरळ झाली आणि सहज मचाणाकडे बघितलं. खिडकीतून बंदुकीची नळी तिच्याकडे रोखलेली होती. नळीमागे रेइनोचं डोकं एका बाजूला कललं होतं. कडेच्या नजरेने काही बघायचं असलं की तो असाच कलायचा.

तिने हातातली मोठी कात्री झाडावर आपटली. लोखंडाचा आवाज झाला. नळी खाली गेली.

ती मचाणावर चढली आणि त्याच्या हातातून बंदूक घेतली. बोल्ट मागे ओढला तसं पितळी काडतूस फळीवर पडून गडगडलं.

"मी होते ती," ती म्हणाली.

रेइनोने रिकामे हात मांड्यांवर ठेवले. तो म्हणाला, "तपकिरी काहीतरी हललं. मला वाटलं, दिसलं. तीन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, दिसलं."

त्याला घरी सोडून ती तशीच आर्वोकडे गेली. आर्वोने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि आता तो अंगणात लाकडं रचत होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचं, पेरणीचं, मघाच्या नळीचं. शेवटचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. बाकीच्याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"डोळ्यांचं आम्हाला माहीत आहे गं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. त्याने कपाशेजारी कॉफी ओतली होती. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत बसलो."

"आणि रानाचं?"

"तेही. रेइनोची पेरणी इतकी सरळ कधी होती?" तो थोडा हसला.

ताइमी हसली नाही. "मग तीन वर्षांत एकदा तरी कोणी हाताखाली का आलं नाही?"

आर्वोने हातातलं लाकूड नीट बसवलं. "आलो असतो, तर आम्हाला कळलंय हे त्याला कळलं असतं."

गाडीत बसल्यावर ताइमीने किल्ली लावली नाही. रेइनोला पाच जणांनी किती जपलं होतं, आणि ते जपणं तिच्या पाठीवर किती बेमालूम लादलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यात कोणाचं मन वाईट नव्हतं. कोणी वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

घरी जाऊन तिने रेइनोला सांगितलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे. तो तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने बंदूक कापडात गुंडाळून तिच्या हातात दिली.

चौदा नोव्हेंबरला संध्याकाळी सगळे सौनातून लाल होऊन आले आणि कॅम्पच्या टेबलाभोवती बसले. ताइमीने मांसबटाटा भरलेल्या, करंज्यांसारख्या गरम पेस्ट्या वाढल्या. रेइनो घसा साफ करून म्हणाला, "यंदा मी शेगडीपाशी बसणार. कोण कुठल्या मचाणावर जाईल ते ताइमी ठरवेल. रान तिचंच आहे. तीन वर्षं झाली."

सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. कोणीतरी टाळी वाजवली, कोणी त्याच्या खांद्यावर हात टाकला. आर्वोने हातातला कॉफीचा मग उंच केला. "चला, कॅम्पला कारभारीण मिळाली. अजून वीस वर्षं काळजी नाही."

सगळे हसले. ताइमी तव्याचं फडकं हातात धरून उभी होती. तिचं काम इतक्या माणसांदेखत पहिल्यांदाच बोलून दाखवलं गेलं होतं, आणि तिला मात्र बाहेरून कडी लागल्यासारखं वाटत होतं.

"पुढच्या ऑक्टोबरात मी लेक वर्थला असेन," ती म्हणाली. "जुलैत माझ्याकडून पेरणी शिकून घ्यायला कोण येतंय?"

एकाने गुडघ्याचं सांगितलं. एकाची मुलगी उन्हाळ्यात नातवंडं सोडून जायची. बाकीचे खात राहिले. आर्वो म्हणाला, "बघू ना, अजून वेळ आहे." रेइनोने फक्त मान कलती केली, कडेच्या नजरेने ती सापडते का बघायला.

तिने मचाणं वाटून दिली. त्या हंगामात कॅम्पसमोरच्या दांडीवर चार नर टांगले गेले, एवढे आधी कधी टांगले गेले नव्हते.

फेब्रुवारीत ती लेंपीकडे दोन आठवडे गेली. नवव्या दिवशी रेइनोचा फोन आला, छप्पर करकरतंय. आर्वो एकदा येऊन बर्फ ओढून गेला होता, पण पुन्हा पडलं होतं. तरी ती चौदा दिवस पुरे राहिली, पण शेवटचे पाच दिवस तिचं लक्ष समुद्राकडे नव्हतं.

जुलै आला. आर्वोने सलगमाच्या बियाण्याची नवी पिशवी ओसरीवर ठेवली, हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. बाकी कोणी आलं नाही.

ताइमीने ट्रॅक्टर काढला. पहिला तुकडा नांगरून ती दुसऱ्याकडे वळली, तर रेइनो तिथे उभा. काठीने चाचपत एवढ्या लांब आला होता. बी उडवायचं हाताचं यंत्र गळ्यात अडकवलेलं.

"मला सरळ उभं कर," तो म्हणाला, "आणि किती पावलं ते सांग."

तिने त्याचे खांदे धरून त्याला बर्चच्या झाडांकडे वळवलं. "चाळीस. मग थांब."

तो चालू लागला. बी कुठे दाट पडत होतं, कुठे अजिबात नाही. उद्या पुन्हा येऊन तिला मोकळे पट्टे भरावे लागणार होते. ती मोठ्याने पावलं मोजत राहिली. चाळीस झाली तसा तो थांबला, आणि पुढे काय करायचं ते ती सांगेपर्यंत तसाच उभा राहिला.