जिनिंगमधले चार दिवे

ही हकीकत मी घरात कधी सांगितली नाही. नातवंडांनी विचारलं की पूर्वी चांदण्या किती दाट दिसत ते रंगवून सांगायचो आणि स्वतःचा भाग गाळायचो. पन्नासेक वर्षं तेच केलं. आता त्याची किळस येते.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी तेल्हाऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मुनीम होतो. अकोल्याच्या जुन्या शहरातला वकिलाचा मुलगा, त्यामुळे खेड्यातल्या अंधाराची मला लाज वाटे. वीज आली तशी मी मालकांच्या मागे लागून आवारात उंच खांबावर चार मोठे दिवे लावून घेतले. कापूस चोरीला जातो हे कारण सांगितलं. खरं म्हणजे आमचा झगमगाट चार कोसांवरून दिसावा, एवढीच हौस होती.

पहिल्याच आठवड्यात खांबाखाली घमेलंभर मेलेले किडे साचू लागले. पायाखाली चुरडलेल्या किड्यांचा आंबूस वास कापसाला लागला. वरणात पंख निघत. बेडूक खाऊन खाऊन फुगत आणि तिथेच बैलबंड्यांखाली चिरडले जात. मी ते सगळं झाडून घेई आणि संध्याकाळी पुन्हा बटण दाबी.

आवारात एक म्हातारा होता. सगळे त्याला आबाजी म्हणत. कापूस घेऊन आलेले बंडीवाले रात्री आवारातच झोपत आणि पहाटे परतत. वाटेत नदीचा उतार होता, तो झुंजुमुंजू झाल्यावरच पार करायचा. आधी निघालं तर अंधारात बंडी दगडांत जाई. म्हणून नेमक्या वेळी हाक मारायचं काम आबाजीचं. तिकांडं, म्हणजे मृगातल्या त्या तीन चांदण्या, मावळतीच्या बाभळीवर टेकल्या की तो बैल जुपायला सांगे. त्यावर त्याचं दोन वेळचं जेवण होतं आणि गावातला मान होता.

दिव्यांमुळे तिकांडं दिसेना. आबाजी माझ्याकडे आला.

"मुनीमजी, ह्याइचं तोंड खाली करा नं. वरतं कोनाचा कापूस ठेवला हाय?"

बंडीवाले हसले. मला ते झोंबलं.

"वर देव आहे, आबाजी. त्यालाही दिसू द्या."

"त्याले आंधळा करून राहिले तुमी," तो म्हणाला. दोन दिवसांनी त्याने रॉकेलचे डबे कापून दिव्यांसाठी चार टोप्या आणल्या. त्यांनी उजेड खाली पडला असता, आभाळ मोकळं राहिलं असतं. मी त्या भंगारात टाकल्या.

पौषातली एक रात्र. मी हिशेबासाठी जागा होतो. आबाजी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून आवारभर फिरत होता. मग खिडकीशी आला.

"घटकाभर बंद करा दिवे. काहीच दिसून नाही राहिलं."

"मालकांना काय सांगू? तुम्हाला चांदण्या पाहायच्या होत्या म्हणून?"

तो गेला. त्या झगझगाटातून उगवतीला एकच ठळक चांदणी दिसत होती. ती शुक्राची समजून त्याने हाक दिली, "उठा रे, जुपा." ती शुक्राची नव्हती. माझ्या डोक्यावरच्या घड्याळात दीड वाजला होता. मी ते पाहिलं. उठून सांगितलं नाही, कारण म्हातारा एकदा चुकलेला मला पाहायचा होता.

उतारावर पहिलीच बंडी कलंडली आणि एका बैलाचा पाय मोडला.

सकाळी गावची माणसं जमली. आबाजी म्हणाला, दिव्यांनी घात केला. सगळे माझ्याकडे पाहू लागले, मी शिकलेला ना. "दिव्यांचा काही संबंध नाही," मी म्हणालो, "म्हाताऱ्याची नजर गेली आहे." कुणी उलट विचारलं नाही. त्या दिवसापासून बंडीवाल्यांना भोंग्याने उठवू लागले. आबाजी महिनाभर गावात मान खाली घालून वावरला आणि तिवशाला लेकीकडे निघून गेला.

पुढे माझी नोकरी अमरावतीला झाली. एक दिवस मी ठरवून तिवशाची बस धरली. आबाजी ओट्यावर उन्हात बसला होता. मला पाहून त्याला आनंद झाला, हे फार वाईट झालं.

"आमच्या जिनातले मुनीमजी हायेत. च्या ठेव वो," त्याने लेकीला आत सांगितलं. "कावून आले इतक्या दूर?"

"इकडे काम होतं."

मग तो हळूच म्हणाला, "माही नजर खरंच गेली होती काय हो? मले तं आजबी सुईत दोरा ओवता येते."

"वय झालं की होतंच तसं, आबाजी," मी म्हणालो. वर चहाही प्यायलो.

परतीच्या बसला अर्धा तास होता. तुमची नजर शाबूत होती, मी खोटं बोललो, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. त्या अर्ध्या तासात मी तिवशाच्या कापसाचा भाव विचारला.