ताईच्या हातावरचा चौकोन

बातमीत 'असं म्हणतात' आलं, की मी ते खोडतो. शिरूरला वार्ताहर म्हणून काम करताना लागलेली सवय. भानामतीच्या बातम्यांमागेही मला दर वेळी एखादा माणूसच सापडला. त्यामुळे इथे जे पाहिलं, ऐकलं तेवढंच लिहितो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ताई पहिल्या बाळंतपणासाठी निमोण्याला माहेरी आली होती. दाजी दौंड तालुक्यातल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. कंपनीनं नवीन जंतुनाशक काढलं होतं – प्रसूतिगृहातली दुपटी, चादरी भिजवायला. सशांवरची चाचणी ठीक आली होती. आता माणसाच्या कातडीवर पाहायचं होतं. औषधात भिजवलेला कापडाचा चौकोनी तुकडा हातावर चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी काढून लाली बघायची. दाजींनी स्वतःचा डावा हात पुढे केला. ताईला सांगितलं नाही... ती ओरडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"हे बघ रं काय झालं."

डाव्या हाताला, कोपराखाली, लाल चौकोन. कडा पट्टीनं आखल्यासारख्या. बांगड्या तिथवर जात नव्हत्या. चुलीजवळ ती गेली नव्हती.

"लई खाजतंय. त्यांना फोन लाव, ते औषधातलेच हायेत."

फोनचा बूथ घरासमोरच होता. मी दाजींना सगळं सांगितलं.

"पाव्हणं, चौकोन नक्की कुठं हाय?"

"डाव्या हाताला. कोपराखाली दोन बोटं."

"माझी पट्टी तिथंच हाय..."

चाचणीचं मला तेव्हा कळलं. दाजींनी तिथल्या तिथे पट्टी काढली. "इकडं काहीच न्हाई. हात कोरा हाय."

ताई मागोमाग आली होती. मी तिला चाचणीचं, दुपट्यांचं सांगितलं, तसा तिनं फोन हिसकावला.

"मला न सांगता हात देऊन बसलात व्हय कंपनीला? अहो, केमिकलात राहून तुमची कातडी म्हशीची झालीय! तिला काय कळणार? तान्ह्या पोराला कळंल की!"

दाजींचा हात कोरा, म्हणजे औषध पास. फक्त त्यांची सही राहिली होती. ती त्यांनी केली नाही. म्हणाले, "साहेब, माझा हात हिशेबात धरू नका. केमिकलात न गेलेला हात बघा."

साहेब हसले. "बायकोच्या हाताचा रिपोर्ट कुठल्या रकान्यात लिहू?"

पण सहीशिवाय माल निघेना. शेवटी वैतागून साहेबांनी पट्टी स्वतःच्याच हातावर लावली. दुसऱ्या दिवशी तिथे लाल चौकोन! औषध पातळ केलं, पुन्हा तपासलं, मगच माल बाहेर पडला.

दाजींची कातडी निबर झाली होती, एवढं समजतं. ताईचं काय? ते औषध तिनं पाहिलंही नव्हतं. त्वचारोगाचे डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅलर्जी असेल." मी विचारलं, "चौकोनी?" त्यांनी विषय बदलला.

पुढे भाची झाली. तिची दुपटी ताईनं नुसत्या पाण्यात उकळली. "यांच्या कंपनीचं काही घरात आणायचं न्हाई," म्हणाली.

मी दाजींना विचारलं होतं, हे लिहू का? "नको, पाव्हणं. लोक म्हणतील, बायकोचं ऐकतो."

आतून आवाज आला, "ऐकताच की."

खुलासा माझ्याकडे आजही नाही. दाजींना घरी यायला उशीर झाला, की ताई घड्याळाकडे बघत नाही. बाही वर करून आपला डावा हात बघते... आणि मग चहाचं आधण ठेवते.