पेशवाईतला पेशंट

हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

संगमनेरात आमच्या घरासमोर एक टेलर बसतो. त्याला क्षयाचा जुना खोकला आहे. मशीन चालू असेपर्यंत तो खोकला दाबून धरतो आणि ते थांबलं की भिंतीकडे तोंड करून खोकतो. गिऱ्हाइकाच्या कापडाकडे तोंड म्हणून करत नाही.

मी शाळामास्तर, पण जुने मोडी कागद वाचायचा नाद आहे. एका कागदात अठराव्या शतकातल्या एका शिलेदाराच्या क्षयाची हकिगत निघाली: अडुळशाचा काढा, शेळीचं दूध, छातीवर तापल्या सळईचे डाग. ती माझ्याकडून ऐकल्यापासून टेलर रोज हाक मारायचा, "काय सर, पेशवाईतला आपला पेशंट काय म्हनतोय?"

एक दिवस मात्र त्यानं मशीन थांबवून हळूच विचारलं, "बरा झाला ना त्यो?"

कागदात शिलेदार मेला होता. टेलरच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "झाला की."

"मंग आपुनबी हुनार!"

गेल्या आठवड्यात त्यानं दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या आणि दारात शेळी बांधली. पहिलं दूध पेलाभर माझ्याकडे पाठवलं. मी ते प्यालो.

शिलेदार वाचला नव्हता, हे त्याला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.