सदाचं कोपर

हे मी घरात कधी बोललो नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. आता दमलोय बघा — लपवायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो उरला नाही. म्हणून तुमच्यापाशी सांगतो.

निपाणीत स्टँडमागच्या एका हॉटेलात आमचा अड्डा होता. दिवसभर तंबाखूच्या वखारीत नाक-डोळे चुरचुरले की संध्याकाळी तिथं चहा. आणीबाणी उठल्यानंतरची वर्षं ती. आम्हाला तिथं एक खूळ लागलेलं — तोंडी टीम. म्हणजे काय? तर आजूबाजूच्या गावांतली क्रिकेट खेळणारी पोरं आपसात वाटून घ्यायची. हा माझा, तो तुझा. पोरांना पत्ताच नाही! मग स्पर्धांत ज्याची पोरं जास्त विकेटा काढतील त्याला हंगामाच्या शेवटी बाकीच्यांनी भजी चारायची. आणि ज्याचं पोरगं वरच्या टीमला उचललं जाईल, तो तर थेट जिंकला. रिकामटेकडेपणा, दुसरं काय? पण ईर्षा मात्र लई होती.

मी बोरगावचा किरण घेतला होता. वखारीतला माझा जोडीदार बाळूआण्णा, त्यानं कोगनोळीचा सदा. दोघांनाही नुकतं मिसरूड फुटलेलं, दोघंही फास्ट. रोज तोच वाद — ह्यातला पुढं कोण जाणार? किरण उंच, पळत यायचा ते बघत राहावं असं, मॅटिंगवर बॉल छातीपर्यंत उठवायचा. पण लवकर दमायचा, खांदे पडायचे. सदा बुटका, चार पावलांत यायचा, आणि त्याचा बॉल अगदी शेवटी आत शिरायचा. सकाळी तसाच, उन्हातही तसाच. मी अंपायरिंग करायचो, तेव्हा दोघांना सगळ्यांत जवळून मीच बघितलेलं. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. सदाच सरस होता. पण किरणच्या नावानं चारचौघांत छाती ठोकून बसलेलो — ते मागं कसं घ्यायचं?

सदाचं कोपर सरळ होत नसे. लहानपणी चिंचेवरून पडलेला, हाड वाकडंच बसलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा बॉल टाकत नाही, फेकतोय. मी एकदा पाणी प्यायच्या वेळी त्याचा हात हातात घेऊन चाचपून बघितला होता. कोपर वाकडं होतं, पण टाकताना ते तसूभर हलत नव्हतं; झटक्यात सरळ झालं तरच ती फेक धरतात. म्हणजे हा नियमात बसणारा. हे मला पक्कं ठाऊक होतं — एवढं ध्यानात ठेवा.

मग बेळगावहून एक साहेब आले, मोठ्या टीमसाठी पोरं निवडायला. त्या दिवशी सदानं समोरची टीम कापून काढली. साहेबांनी मला बाजूला घेतलं, कानडीत विचारलं, हा पोरगा टाकतो कसा? सदा पलीकडंच उभा होता, पण त्याला कानडी बेताचीच.

मी म्हटलं, “ओगीतान्री.”

आता कसं आहे — आमच्याकडच्या कानडीत ओगी म्हणजे फेक. पण गल्लीतली पोरं बॉल टाक म्हणायलाही ओगीच म्हणतात. म्हणजे मी नुसतं ‘टाकतो की’ म्हटलं, असंही धरता येतं. मी तसंच धरलं. वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो — शब्दाचा घोटाळा झाला, साहेबांनी भलताच अर्थ घेतला, त्यात माझा काय दोष?

न्हाय. खोटं आहे ते. ओगीतान म्हणताना मी माझं उजवं कोपर दुमडून झटक्यात सरळ करून दाखवलं होतं. हळूच, कमरेजवळ, सदाला दिसू नये असं. हात दाखवल्यावर घोटाळा कुठला राहतोय? साहेबांनी मान हलवली आणि सदाला सोडून दिलं. घेतलं किरणला.

कशासाठी केलं? भज्यांसाठी? व्हय, त्यासाठीच म्हणा. बाळूआण्णापुढं मान खाली घालायला नको म्हणून. लाज वाटते हो, हे बोलताना. त्या हंगामाची भजीही मी खाल्ली — हसत खाल्ली.

किरण वर्षभरात खांदा धरून परत आला, ते जाऊ द्या. सदाला कुणीतरी सांगितलं, तू फेकतोस म्हणून वगळलं. तर त्या पोरानं कोपराला बांबूची कांब बांधून हात सरळ करायचा सराव धरला. कोगनोळीच्या माळावर मी डोळ्यांनी बघितलं. हात काही सरळ होईना, उलट टप्पा गेला, वेग गेला, बॉल आत यायचा बंद झाला. मी सायकलवरून उतरून उभा राहिलो. एक वाक्य पुरलं असतं — सोड ते, तुझं बरोबरच होतं. पण मग त्यानं विचारलं असतं, तर साहेबांना फेकतो म्हणून सांगितलं कुणी? मी काय बोललो माहीत आहे? “नेट लावून कर,” म्हटलं. आणि सायकल हाणली.

पुढच्या हंगामात त्यानं खेळणं सोडलं.

आता त्याचं नाक्याजवळ पंक्चरचं दुकान आहे. मी दिसलो की उठून खुर्ची देतो. परवा गेलतो, तर गावची पोरं बसलेली. माझ्याकडं हात करून त्यांना म्हणाला, “ह्या आण्णांनी मला कधी नो-बॉल दिला न्हाई रं. सगळी फेकतो म्हणालती. ह्यो एकटा माणूस माझ्या बाजूनं हुता.”

त्यानं चहा मागवला. मी खुर्चीत बसून तो प्यालो.